डाव्या बाजूचा ब्रेक

१

रायपूरकडच्या जुनवानीत कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी ती शेषरावांना दाखवायची, अशी रीतच पडून गेली होती. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये शेषरावांनी छत्तीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. त्यांचं काम बेअरिंग ऐकण्याचं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि आत काय बिनसलंय ते सांगायचं. निवृत्त झाल्यावर मशीन सुटली, कान सोबत आला. मग शेजाऱ्याची ऑटो, कोणाची जीप, कोणाच्या जावयाची छोटी गाडी असं करत रविवार भरू लागले. पैसे ते घेत नसत, चहा घेत. त्यांनी मान हलवली की घेणारा तिथल्या तिथे सौदा पक्का करायचा. आणि बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, की समजायचं, ही गाडी आपल्यासाठी नाही.

या कामात ते कधी खोटं बोलले नव्हते. त्या रविवारी मात्र खोटं बोलायचं ठरवूनच घरातून निघाले होते.

कारण या वेळी गाडी त्यांच्याच मुलाला घ्यायची होती. नरेश तेहतीस वर्षांचा होता, उतईच्या रस्त्याला त्याचा फॅब्रिकेशनचा लहानसा कारखाना होता आणि तो बरा चालला होता. कॉलेजात असल्यापासून त्याच्या कपाटाच्या दाराला आतून एका गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं. दोन दारांची, दोनच माणसांची, रस्त्याला पोट टेकेल इतकी बुटकी. तशीच एक लाल गाडी, सहा वर्षं वापरलेली, कुम्हारीत विकायला निघाली होती.

विसाव्या वर्षी नरेश मोटरसायकलवरून पडला होता. त्याच्या मांडीत अजून सळई आहे. तेव्हा वच्छलाबाई, त्याची आई, सहा आठवडे दवाखान्याच्या बाकावर झोपल्या होत्या. त्या रविवारी सकाळी पोळ्या लाटता लाटता त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "कायतरी खोट काढजा. तुमाले काढता येते."

शेषराव हो म्हणाले.

२

जाताना गाडीत नरेशनं एक गमतीची गोष्ट सांगितली. विकणारे गृहस्थ म्हातारे होते, केवलराम नावाचे. फोनवर त्यांनी कामधंदा विचारला नाही, किती देता ते विचारलं नाही. सोबत कोण येणार, हे मात्र दोनदा विचारलं. वडील येणार म्हटल्यावरच त्यांनी पत्ता सांगितला. त्याआधी रायपूरचे दोघं मित्र गाडी बघायला जाऊन आले होते. त्यांना केवलरामांनी चहा पाजून परत पाठवलं, शेडचं शटरसुद्धा उचललं नाही.

घर हमरस्त्यापासून दोन गल्ल्या आत होतं. पुढे लहान अंगण, बाजूला पत्र्याची शेड, शेडची एक भिंत आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. केवलराम दारातच उभे होते. सत्तरीचे, बारीक, इस्त्रीचा सदरा घातलेले. बोलता बोलता निघालं की शेषरावांसारखे तेही मूळचे भंडाऱ्याकडचे, त्याच कारखान्यात क्रेन ऑपरेटर होते. दोघं एकाच गेटातून तीस वर्षं आत-बाहेर झाले होते आणि ओळख आज होत होती. शेषरावांना माणूस एकदम आवडला, आणि त्याच्या तोंडावर त्याच्या गाडीची खोटी निंदा करायची आहे, हे आठवून चहा कडू लागला.

समोरच्या भिंतीवर एका बाईचा फोटो होता, ताज्या झेंडूचा हार घातलेला. मैनाबाई, केवलरामांनी सांगितलं. दोन वर्षं झाली, किडनीनं गेल्या. मुलगा हेमराज कॅनडात; त्यानंच ही गाडी बंगलोरहून आणली होती. आता तो वडिलांना तिकडे बोलावत होता आणि व्हिसा आला होता.

हे बोलणं चाललेलं असताना भिंतीपलीकडून, शेडमधून, आवाज आला. आधी बारीक चूंऽऽ, मग हलकेच ठक्.

शेषरावांचा कप ओठांशी थांबला. हा आवाज कशाचा ते त्यांना विचारावं लागत नव्हतं. ब्रेकचं पेडल कोणी दाबलं की त्याची पिन अशी बोलते. सोडलं की रबरावर असं ठक् होतं. घरात ते तिघंच होते आणि तिघंही इथे बसलेले होते.

केवलरामांनी बशीतला चहा संपवला आणि मान वर न करता म्हटलं, "पत्रा तापून राहिला."

पौषातली सकाळ होती. अंगणातलं दव अजून वाळलं नव्हतं.

३

शटर वर गेलं आणि नरेश जागच्या जागी उभा राहिला. शेषरावांनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं. त्यांनी चपला शेडच्या बाहेर काढल्या, दुसऱ्याच्या गाडीजवळ जाताना ते नेहमीच काढत, आणि पिशवी उघडली.

पहिल्यांदा बॉनेटवर तळहात. थंड. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवण्याची लबाडी नव्हती. मग रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक सगळ्या पत्र्यांवरून फिरवलं. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुटी, भरलेली असली की चुंबक तिथे सुटतं. ते कुठेच सुटलं नाही. दारांच्या फटीतून नख फिरवलं. फट वरपासून खालपर्यंत सारखी. ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. पाणी शिरलं असतं तर तिथे साय धरली असती. बोट स्वच्छ तेलाचं निघालं. नरेशनं त्याचं स्कॅनर जोडलं. या जातीच्या गाड्यांच्या पोटात नोंद राहते, मालकानं इंजिनाला किती वेळा मर्यादेबाहेर ताणलं याची. नोंद शून्य होती.

मग इंजिन सुरू केलं. शेषरावांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, मूठ हाडाला लावली आणि डोळे मिटले. असं इंजिन त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. सहाच्या सहा सिलिंडर एका श्वासात चालत होते. कुठे खरखर नाही, टिकटिक नाही. ऐकता ऐकता आपण खोट शोधायला आलोय हे ते विसरले, आणि विसरलो हे कळल्यावर त्यांना वच्छलाबाईंचा चेहरा दिसला.

खोट सापडली ती चाकांपाशी. टायरवर बनावटीचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. ते गाडीइतकंच जुनं होतं, म्हणजे टायर मूळचे. आणि खाचा जवळपास नव्या. गाडी अकरा हजार किलोमीटर चालली होती, ते पटण्यासारखं होतं. पण चाकाच्या आऱ्यांतून बॅटरी मारली तेव्हा ब्रेकची डिस्क झिजून तिच्या कडेला नखभर काठ उभा राहिलेला दिसला. पॅड संपत आलेले. चारही चाकांना तेच.

गाडी रेसला नेली असती तर ब्रेक झिजले असते हे खरं, पण मग टायरही खाल्ले गेले असते आणि डिस्क तापून निळी पडली असती. इथे निळेपणाचा मागमूस नव्हता. हे जोरानं मारलेले ब्रेक नव्हते. कोणीतरी हळूच, जपून, पण पुन्हा पुन्हा, हजारो वेळा दाबलेले ब्रेक होते.

केवलरामांना विचारलं तर त्यांनी सांगितलं, पॅड मागच्या वर्षीच रायपूरहून मेकॅनिक बोलावून बदलले. आणि त्यानंतर गाडी किती चालली?

"चाल्ली कुठं?" केवलराम म्हणाले. "मी तं रोज संध्याकाळी धा मिनिट चालू करतो, इथच. मले चालवता येत नाई."

४

शेषरावांच्या डोक्यानं लगेच कारण पुरवलं. पॅड दाबणारा कॅलिपर अडकत असणार. पिस्टन गंजला की पॅड डिस्कला चिकटून राहतो. चला, खोट मिळाली, आणि तीही खरी. खोटं बोलायची वेळच आली नाही. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी स्वतःच जॅक लावला आणि पुढचं डावं चाक उचललं. अडकत असेल तर ते हातानं फिरणार नाही, म्हणजे नरेशला डोळ्यांनी दिसेल.

चाक फिरलं. बोटानं ढकललं आणि ते आवाज न करता फिरत राहिलं, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. काहीही अडकत नव्हतं.

नरेश मागे उभा राहून केवलरामांना विचारत होता की हेमराजनं गाडी जास्तीत जास्त कितीवर नेली होती. केवलरामांना माहीत नव्हतं. नरेश म्हणाला, ही अडीचशेवर जाते, नया रायपूरच्या रिकाम्या रस्त्यावर एकदा तरी न्यायचीच.

शेषरावांच्या हातातलं चाक थांबलं.

हळू होत थांबलं नाही. थांबलं. जणू आतून कोणी दाबून धरलं. त्याच वेळी गाडीच्या आतून, त्यांच्या कानापासून हातभर अंतरावर, ते चूंऽऽ ऐकू आलं.

ते गुडघ्यावर बसलेले होते. उठून काचेतून आत पाहायला दोन क्षण पुरले असते, पण त्यांना ते दोन क्षण सापडेनात. पाहिलं तेव्हा आत कोणी नव्हतं. ड्रायव्हरची जागा रिकामी, बाजूची रिकामी. ब्रेकच्या पाइपात हवा असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. जॅकवर गाडी तिरपी झाली की दाब बदलतो. छत्तीस वर्षांत असलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं, तरी त्यांनी ते स्वतःला सांगितलं. मग चाकाला पुन्हा हात लावला. चाक मोकळं होतं.

"काय झालं, बाबा?" नरेशनं विचारलं.

काही नाही, ते म्हणाले, आणि चष्मा पुसावासा वाटला तरी पुसला नाही.

५

गाडीच्या आतलं तपासायचं राहिलं होतं. शेषराव ड्रायव्हरच्या जागेवर बसले. पेडलांचे रबर नवे, स्टिअरिंगचं चामडं नवं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन डावं दार उघडलं.

डाव्या बाजूच्या जमिनीवर कार्पेटला भोक होतं.

हाताच्या तळव्याएवढं, लांबट. उजव्या अंगाला, थोडं वर चढत्या भागावर. तिथे पाय ठेवून कोणी बसत नाही. तिथपर्यंत पाय लांबवावा लागतो. कार्पेट झिजून धागे निघाले होते, त्याखालचा नमदा झिजला होता आणि खालचा पत्रा घासून घासून चकाकत होता, देवळाच्या पायरीसारखा.

ती जागा शेषरावांना ओळखीची होती. नरेश गाडी चालवत असला आणि समोर ट्रक आला की त्यांचा स्वतःचा उजवा पाय नेमका तिथेच जाई. तिथे ब्रेक नसतो हे आयुष्यभर यंत्रं उघडून पाहिलेल्या माणसाला माहीत असतं. तरी पाय जातोच.

केवलराम दाराशी येऊन उभे राहिले होते. शेषरावांनी भोकाकडे बोट केलं. म्हाताऱ्यानं सांगितलं की हेमराज वर्षभर घरून काम करत होता तेव्हा रोज संध्याकाळी आईला या गाडीतून फिरवून आणायचा. ती घाबरायची. पण नको म्हणायची नाही. मी बाजूले नाई बसली तं हा आणखी जोरात हाकन, असं तिचं म्हणणं. घरी आली की तिची उजवी पोटरी दुखायची आणि केवलराम रात्री तेल लावून चोळून द्यायचे.

"एवढा जोर लावे का हो?" शेषरावांनी विचारलं.

"लई."

शेषरावांना त्या बाईबद्दल एकदम माया वाटली. एका वर्षात कार्पेट फाडण्याइतकं पोरावर जीव टाकणं त्यांना समजत होतं. ते हसून म्हणाले, नवा कार्पेट टाकायचा होता, हजार-दीड हजाराचं काम.

केवलराम त्यांच्याकडे न पाहता म्हणाले, "हा नवाच होय. मागच्या दिवाळीत टाकला."

६

गाडी चालवून पाहणं भाग होतं. नरेश चालवणार आणि शेषराव डावीकडे बसणार, कारण दोनच जागा होत्या. शेषरावांनी नको म्हणायला तोंड उघडलं. पण मग पोरगा एकटा गेला असता. त्यांनी चपला शेडबाहेरच राहू दिल्या आणि अनवाणीच आत बसले. दोन्ही पाय सीटजवळ ओढून घेतले. त्या भोकापासून लांब.

हमरस्त्यावर रायपूरच्या दिशेला लागले तसं ऊन चांगलं पडलं होतं, रस्ता मोकळा होता. नरेशनं गियर बदलला आणि गाडी अशी सरकली की शेषरावांची पाठ सीटला चिकटली. पोराच्या चेहऱ्यावर त्यांनी पाहिलं. तेहतीस वर्षांच्या त्या चेहऱ्यावर बाराव्या वर्षीचं काहीतरी परत आलं होतं. असला आनंद आपण याला नाकारायला निघालो, असं त्यांच्या मनात आलं.

पण गाडी काही धावेना. साठ झाले की ओढल्यासारखी व्हायची. बाजूनं सायकलवाला दिसला की हळू, दूर कुठे म्हैस दिसली की हळू. नरेश म्हणाला, बाबा, ये पिकअप नहीं ले रही, कायतरी पकडून राहिलं आहे. शेषराव खाली पाहत नव्हते.

पुढे लोखंडाच्या कॉइल लादलेला लांब ट्रेलर चालला होता. नरेश उजवीकडून पुढे काढायला लागला. ट्रेलरच्या अर्ध्यावर आले तेव्हा ट्रेलरवाल्याला त्याच्या पुढ्यात काहीतरी दिसलं असावं. तो उजवीकडे सरकायला लागला. मागून एक बस दिवे मारत अंगावर येत होती. आता एकच वाट होती, जोरात पुढे निघून जायची. नरेशनं पाय दाबला.

गाडी हळू झाली.

ट्रेलरची चाकं शेषरावांच्या खिडकीत होती, त्यांच्या डोक्यापेक्षा उंच, आणि जवळ येत होती. मागची बस आरशात मावत नव्हती. त्यांचा उजवा पाय आपोआप सुटला आणि त्या झिजल्या जागेवर सगळ्या ताकदीनं पडला.

खाली पत्रा लागला नाही.

त्यांच्या तळव्याखाली पाय होता. बारीक हाडांचा, गार, अनवाणी पाय. सगळा जोर लावून खाली रेटलेला, थरथरणारा. त्यांच्या अंगठ्याखाली जोडव्याची कडा टोचली.

आणि अशा वेळी माणूस जे करेल असं आपल्याला वाटतं, ते शेषरावांनी केलं नाही. लहानपणापासून अंगात भिनलेलं होतं ते केलं. दुसऱ्याला पाय लागला होता. ते वाकले, उजवा हात खाली नेला, तिथे टेकवला आणि कपाळाला लावला.

वाकलेले असतानाच, हळू आवाजात, ते म्हणाले, "बाई, पाय उचला. थांबवून नाई वाचत पोरगं. जाऊ द्या त्याले."

आधी त्यांनी आपला पाय उचलला. तो उचलणं हे आयुष्यातल्या कुठल्याही कामापेक्षा जड गेलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग पत्र्यावर काहीतरी सरकल्याचा अगदी हलका आवाज आला.

गाडी सुटली. ट्रेलर मागे पडला, बस मागे पडली, आणि नदीच्या पुलाअलीकडे नरेशनं कडेला घेऊन इंजिन बंद केलं. वडील कोणाशी बोलले, हे त्यानं तेव्हा विचारलं नाही.

७

परत आल्यावर शेषरावांनी नरेशला अंगणात थांबायला सांगितलं आणि केवलरामांना घेऊन ते आतल्या खोलीत गेले. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी गाडी तपासणारा माणूस सांगतो तसंच सांगितलं.

"गाडीत एकबी खोट नाई, केवलरामभाऊ. पण ते रिकामी नाई."

केवलराम पलंगाच्या काठावर बसले. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. सुटका झाल्यासारखं काहीतरी त्यांच्या खांद्यांत दिसलं. मग ते बोलत राहिले, खाली बघत. बारावं झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. सकाळी हेमराजचा कॅनडाहून फोन आला आणि तिकडे बर्फात गाडी घसरली म्हणून त्यानं सांगितलं, की शेडमध्ये चूं चूं थांबत नसे. फोन ते मुद्दाम स्वयंपाकघरातून घेत. तिला ऐकू जावं म्हणून.

आता ते जाणार होते. गाडी कुलपात ठेवून गेलो तर ती कोणासाठी दाबत बसेल, हा त्यांना घोर होता. एकट्या पोराला गाडी द्यायची नव्हती. ज्याच्या बाजूला त्याचे माय-बाप बसतील, त्यालाच द्यायची. तिले सोबत होईन, असं ते म्हणाले.

शेषरावांना राग यायला हवा होता. तासाभरापूर्वी त्यांचा पोरगा चिरडला जाता जाता वाचला होता. पण समोरचा माणूस आपल्या बायकोसाठी घर बघत होता. राग धरायला जागाच मिळेना.

त्यांनी विचारलं, केवलराम स्वतः कधी त्या जागेवर बसले होते का.

"नाई," केवलराम म्हणाले. "ते तिची जागा."

"मंग एक डाव बसा. माझा पोरगा नेते तुमाले. चपला काढून बसजा."

८

नरेश आता कुठल्याच अटीवर त्या गाडीत बसायला तयार नव्हता. शेषराव त्याला बाजूला घेऊन म्हणाले की गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ये, वीसच्या वर नेऊ नको. का ते विचारू नको. वडिलांचा असा आवाज नरेशनं पूर्वी एकदाच ऐकला होता, दवाखान्यात. तो गेला.

केवलरामांना गुडघे वाकवून त्या बुटक्या गाडीत बसायला वेळ लागला. शेषरावांनी दार लावलं. गाडी अंगणातून बाहेर पडली आणि ते फाटकाला धरून बघत राहिले.

सरळ, रिकामी गल्ली. भर दुपारचं ऊन. मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती. दर चार पावलांवर मागचे लाल दिवे लागत, विझत, लागत. समोर काहीही नसताना. मग गल्लीच्या मध्यावर गाडी उभी राहिली आणि दिवे लागलेलेच राहिले.

डावीकडचं डोकं खाली गेलं. दिसेनासं झालं.

शेषरावांनी मोजलं नाही, पण समोरच्या घरातल्या बाईनं सगळे कपडे वाळत घालून बादली आत नेली, तोवर दिवे लाल होते. त्यांना एकदा वाटलं, जावं, पाहावं. पाय उचलला आणि परत ठेवला. नवरा-बायको बोलत असताना आपण मध्ये जात नाही.

दिवे विझले. गाडी पुढे सरकली, टोकाला वळली आणि परत येईपर्यंत एकदाही लागले नाहीत.

केवलराम उतरले ते कोरड्या डोळ्यांनी. दाराला धरून उभे राहिले आणि म्हणाले की गाडी विकायची नाही. हेमराजला कळवतो, उन्हाळ्यात तूच ये, तुझी माय वाट पाहून राहिली. तिकीट परत करतो. एवढं बोलून त्यांनी शेषरावांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या उजव्या तळव्याला तेलाचा ओशट वास होता. गाडीत तेलाची बाटली नव्हती. शेषरावांनी सकाळी सगळे कप्पे उघडून पाहिले होते.

९

परतीच्या वाटेवर, आपल्या जुन्या गाडीत, चरोदा आल्यावर नरेशनं सांगितलं. गल्लीच्या मध्यावर गाडी थांबली तेव्हा म्हातारबुवा वाकले आणि खाली काहीतरी चोळत बसले, हळूहळू, बोलत बोलत. बोलणं कळलं नाही. तेव्हा नरेशनं आपल्या पायांकडे पाहिलं. त्याचे दोन्ही पाय मागे ओढलेले होते.

"बाबा, पेडल नीचे था," तो म्हणाला. "पूरा नीचे. मेरा पैर नाई होता त्याच्यावर."

शेषराव हूं म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी, सांगायचंच म्हणून, सांगून टाकलं की आज ते गाडी नापास करायलाच आले होते. काही सापडलं नसतं तरी. नरेश म्हणाला, मालूम होतं. आईनं सकाळी माझी समजूत घातल्यासारख्या डब्यात दोन पोळ्या जास्त घातल्या तेव्हाच समजलं. तरी तुमालेच आणलं, कारण तुमाले खोटं बोलता येत नाही.

दोघं हसले. घरी काय सांगायचं यावर बोलणं झालं आणि गाडी विकायची राहिली एवढंच सांगायचं ठरलं, जे खरंही होतं. नरेश म्हणाला, दुसरी कुठली तरी घेईन, हळू जाणारी. शेषराव म्हणाले, घे, पण हळू जाणारी घेऊ नको, चांगली घे.

सुपेल्याच्या चौकात एक ऑटो मध्येच घुसली. नरेशनं ब्रेक मारला. त्याआधीच शेषरावांचा उजवा पाय पुढे जाऊन टेकला होता. खाली रबराची चटई होती. नुसतीच चटई, कोमट, वाळूचे दोन-चार कण असलेली. त्यांनी पाय काढून घेतला नाही. बोटांनी ते चटई चाचपत राहिले. मधोमध ती पुष्कळ झिजलेली होती.

"नरेश," ते म्हणाले, "ही गाडी कधी इकशील तं मले आधी सांगजो."

"कावून?"

"उतरून जाईन म्हणतो."